ताईच्या कॉम्प्युटरवरची हिरवी पट्टी

सोमवार, ४ मार्च

मी ऑफिसातल्या गोष्टी जेवताना सांगत बसतो आणि सगळ्यांचं अन्न गार होतं, अशी घरात जुनी तक्रार आहे. म्हणून बायकोने आज ही वही पुढ्यात ठेवली. "जे काय सांगायचंय ते हिला सांग. ही मध्ये मध्ये बोलत नाही." आई खुदकन हसली, त्यावरून कट दोघींचा आहे हे कळलं.

तर वहीबाई, ऐका. हॉस्पिटलचं काम आम्हाला मिळालं. आम्हाला म्हणजे ताईला आणि मला. दुकानांच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्यांचं आमचं ऑफिस. स्क्रीन कशी असावी, कुठलं बटण कुठे असावं, हे माझी थोरली बहीण ठरवते. कोड मी लिहितो. आणि आम्हा दोघांच्या चुका काढायला एक टेस्टर आहेत, त्यांना सगळे शंकासुर म्हणतात. त्या नावाला ते ओही देतात.

काम साधं आहे. पेशंटला घरून किंवा हॉस्पिटलच्या कॉम्प्युटरवरून डॉक्टरची वेळ घेता यावी. अट एकच, अंध पेशंटलाही ती स्वतःची स्वतः घेता आली पाहिजे. तपासायला येणारा हॉस्पिटलचा माणूस स्वतः अंध आहे. तो हो म्हणाला तर काम पक्कं, नाहीतर रामराम.

आंघोळ करताना मला एक झकास कल्पना सुचली. अंध लोक स्क्रीन रीडर वापरतात. म्हणजे स्क्रीनवर जे असेल ते बोलून दाखवणारा प्रोग्राम. तो चालू आहे हे आपल्या सॉफ्टवेअरने आपणहून ओळखायचं आणि लगेच सोपं रूप पुढे करायचं. तीन बटणं, बास. वेळ घ्या, वेळ रद्द करा, फोन करा. माणसाला एका शब्दाने काही विचारायचं नाही.

ताई पाठ थोपटेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "आणि डॉक्टर कोण हवा ते त्यांना निवडायचं असेल तर?"

"त्याला 'फोन करा' आहे ना."

"म्हणजे कुणाची तरी मदत घ्या."

"ताई, त्यांना आधीच काय कमी त्रास असतो का? वर आपण चाळीस बटणं दाखवायची?"

तिने कानात इअरफोन घातला आणि कामाला लागली. हल्ली तिच्या एका कानात सतत इअरफोन असतो. गाणी ऐकते म्हणे. इतकी वर्षं शेजारी बसतोय, गाण्याची ही आवड कधी उपटली कोण जाणे.

बुधवार, ६ मार्च

ओळखणं वाटतं तेवढं सोपं नाही. कॉम्प्युटरच्या पोटात एक फ्लॅग असतो, दाराबाहेर लावलेल्या पाटीसारखा. स्क्रीन रीडर सुरू झाला की पाटी लावतो, बंद होताना काढतो. वाचलं तेव्हा वाटलं, झालं काम. पण काही रीडर पाटी लावतच नाहीत. काही मध्येच कोलमडून पडतात आणि पाटी तशीच लटकत राहते. आणि ज्यांचा अंधत्वाशी काडीचा संबंध नाही असे दुसरेच प्रोग्राम कधी कधी ती लावून मोकळे होतात.

म्हणून मी तीन साक्षीदार उभे केले. एक, पाटी. दोन, चालू प्रोग्रामांत ओळखीच्या रीडरांपैकी कुणाचं नाव आहे का. तीन, आमच्या खिडक्यांना कुणी "तू बटण आहेस का, तुझं नाव काय" असं विचारत फिरतंय का. तिघांपैकी दोघे हो म्हणाले तर हो.

ब्राउझरमधून मात्र यातलं काहीच कळत नाही. मुद्दाम कळू देत नाहीत, असं वाचलं. का, ते वाचायला वेळ नव्हता. आपला प्रोग्राम कॉम्प्युटरवर बसवायचा आहे, त्यामुळे आपलं भागलं.

चाचणीपुरती एक हिरवी पट्टी ठेवलीय. रीडर सापडला की स्क्रीनच्या माथ्यावर ठळक अक्षरांत "रीडर चालू" असं येतं आणि सोपं रूप उघडतं. ऑफिसातल्या सगळ्या कॉम्प्युटरवर प्रोग्राम टाकला. माझ्यावर पट्टी नाही, शंकासुरांवर नाही. ताईच्या कॉम्प्युटरवर मात्र ही भली मोठी हिरवी पट्टी! मी ओरडलोच, "ताई, तुझ्या मशीनला काय झालं?"

ताई उठून उभी राहिली आणि तिने स्क्रीनच बंद केली. म्हणाली, "कुठला तरी डिक्शनरीचा प्रोग्राम टाकला होता. तुझा कोड कच्चा आहे, बघ जरा."

पहिल्याच दिवशी खोटी साक्ष. शंकासुरांनी काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, पण पुन्हा मिटलं. त्यांनी शंका गिळल्याचं मी आज पहिल्यांदा पाहिलं.

शनिवार, ९ मार्च

संध्याकाळी ताई घरी आली. आता चालत येते. गाडी चालवणं तिने कधीच सोडलं, तब्येतीला चालणं बरं म्हणून. मी तेव्हा तिचं फार कौतुक केलं होतं.

आईने भाजी चिरायला घेतली होती. तिचा हात मागच्या आजारपणापासून थरथरतो, म्हणून मी नेहमीसारखी सुरी काढून घेतली आणि तिला खुर्चीत बसवलं. टीव्ही लावून दिला. याच्यात काही चुकलं का? पण ताई एकदम उसळली. "हात थरथरतो तिचा, तुटलेला नाही. आधी सुरी घेतलीस, मग गॅसजवळ जाऊ देईनास, मग बँकेत एकटीला जाऊ देईनास. आता ती नुसती बसते. बघतोयस ना काय झालंय तिचं?"

"मी तिची काळजी घेतो!"

"हो," ताई म्हणाली. "तुझ्या काळजीचीच भीती वाटते."

आता यावर माणसाने काय बोलावं? आई टीव्हीकडे बघत होती. टीव्हीचा आवाज बंदच होता. जाताना ताईच्या पायाला दारातलं स्टूल लागलं, तर त्याचाही राग माझ्यावर. इतक्या वर्षांत ते तिथे नव्हतं म्हणे. नव्हतंच. परवाच हलवलंय.

मंगळवार, १२ मार्च

ताई माझ्याशी धड वागत नाही. सकाळी मी रस्त्याच्या पलीकडून चांगला हात हलवला, अगदी मिठाईच्या दुकानाचा मालक बाहेर येऊन बघायला लागला, पण बाई नाकासमोर चालत निघून गेल्या. विचारलं तर म्हणे लक्ष नव्हतं.

दुपारी नव्या स्क्रीनचा कागद दाखवला, तर म्हणे, "फाइल पाठव, कागद नको." पूर्वी कागदावर लाल पेनाने माझी चामडी सोलायची. त्याची सवय होती मला. आणि बसते कशी, तर स्क्रीनला नाक लावून, तेही तिरपी मान करून, जणू कॉम्प्युटरशी भांडण झालंय.

आणखी एक. दारावरून जाताना ऐकलं. शंकासुर आतल्या खोलीत ताईला हळू आवाजात काहीतरी वाचून दाखवत होते. मी आत गेलो तसे गप्प झाले. हातात हॉस्पिटलचं पत्र होतं. ताई म्हणाली, "चष्मा घरी राहिला." चष्मा तिच्या डोक्यावर होता.

मी मूर्ख नाही. ही दोघं वेगळं ऑफिस काढायच्या बेतात आहेत. बायकोला तसं सांगितलं. ती म्हणाली, "वहीला सांग." म्हणून वहीला सांगतोय. मनाला फार लागलंय. ताईने मला हाताला धरून हे काम शिकवलं. तिच्याशिवाय मी स्क्रीनवर साधं बटणही नीट ठेवू शकत नाही, आणि हे तिला ठाऊक आहे.

गुरुवार, १४ मार्च

जमलं! ताईच्या पट्टीने आठ दिवस नाकी नऊ आणले होते. डिक्शनरी काढ म्हटलं, तिने काढली म्हणून सांगितलं, तरी पट्टी. मशीन बंद करून चालू कर म्हटलं, तरी पट्टी. मी बघायला बसतो म्हटलं की तिला नेमका फोन यायचा. शेवटी मी दुरून तिच्या हातांकडे बघत बसलो, आणि डोक्यात प्रकाश पडला. ताई माऊस वापरते!

अंध माणूस माऊस कशाला वापरेल? बाण कुठे आहे ते त्याला दिसणार कसं? तो सगळं कीबोर्डवरूनच करतो. म्हणून चौथा साक्षीदार आणला आणि त्याचा शब्द सगळ्यांच्या वर ठेवला. माऊस हलला तर हा माणूस डोळस. बाकीचे तिघे काहीही ओरडोत.

प्रोग्राम पुन्हा टाकला. ताईने माऊस हलवला आणि पट्टी गेली.

"गेली?" तिने विचारलं. समोर बसून मलाच विचारत होती.

"गेली! खोटी साक्ष पकडली बघ तुझ्या मशीनची."

 ती म्हणाली, "बरं झालं." मी पेढे मागवू का विचारलं तर नको म्हणून मान हलवली. शंकासुर म्हणाले, "पण समजा, एखाद्या माणसाला..." ताईने त्यांच्याकडे मान वळवली. ते म्हणाले, "काही नाही."

गुरुवार, २१ मार्च

हॉस्पिटलचे परीक्षक आज येऊन गेले. पन्नाशीचे, कडक इस्त्रीचा शर्ट, हातात पांढरी काठी. बोलणं गोड आणि प्रश्न धारदार. त्यांचा स्वतःचा लॅपटॉप होता. त्यावर प्रोग्राम टाकला. आम्हालाही कळावं म्हणून रीडरच्या बोलण्याचा वेग कमी केलाय, असं म्हणाले.

सोपं रूप चटकन उघडलं. मी छाती फुगवून उभा. त्यांनी तीनही बटणं ऐकली आणि विचारलं, "डॉक्टर कुठून निवडायचा?"

"तो हॉस्पिटलच्या सोयीने मिळेल सर. किंवा फोन करा."

"फोन मला करता येतो हो. मग हे कशाला बनवलंत?"

मी ताईकडे बघितलं. ती टेबलाकडे बघत होती.

तरी त्यांनी वेळ घ्यायला सुरुवात केली. नाव टाकलं, तारीख टाकली. आणि मग त्यांचा हात सहज माऊसवर गेला. झालं. चौथ्या साक्षीदाराने हुकूम सोडला. सोपं रूप गेलं, पूर्ण रूप धाडकन पुढे आलं, भरलेलं नाव आणि तारीख पुसली गेली, आणि रीडर मुका झाला. त्याला आपण कुठे आहोत तेच कळेना. परीक्षक दोन्ही हात टेबलावर ठेवून बसले आणि शांतपणे म्हणाले, "मी आता कुठे आहे?"



"सर, तुम्ही माऊस वापरता?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"वापरतो की. मधलं दिसत नाही मला. कडेचं थोडं दिसतं. बटण आहे एवढं कळतं, तिथे माऊस नेतो. त्यावर लिहिलंय काय, ते ऐकतो. तुमच्या हिशेबात मी कोण झालो? अंध की डोळस?"

मी शरमेने अर्धा झालो. त्यांनी जाताना पुन्हा एक संधी दिली, तीन एप्रिलला येतो म्हणाले. ताई त्यांना जिन्यापर्यंत सोडायला गेली. बराच वेळ परत आली नाही. खाली दोघं काहीतरी बोलत होती.

चौथा साक्षीदार काढून टाकला आणि घरी आलो. जेवलो नाही. आईने माझ्यासमोर ताट आणून ठेवलं, स्वतः. हात थरथरत होता, पण सांडलं काहीच नाही. मी उठायला लागलो तर म्हणाली, "बस."

शुक्रवार, २२ मार्च

आज जे लिहितोय ते लिहिताना मला माझाच राग येतोय.

सकाळी नवा प्रोग्राम सगळ्या मशीनवर गेला. ताई यायची होती. मी तिचा कॉम्प्युटर चालू केला. माझ्यावर पट्टी नाही, शंकासुरांवर नाही, आणि ताईच्या स्क्रीनवर पुन्हा तीच हिरवी पट्टी. रीडर चालू. तिथे उभ्या उभ्या कालचं वाक्य कानात वाजलं, मधलं दिसत नाही, कडेचं थोडं दिसतं. मग एकामागून एक सगळं आठवत गेलं. तिरपी मान. इअरफोन. स्टूल. रस्त्यात हलवलेला माझा हात. गाडी. "फाइल पाठव, कागद नको."

प्रोग्राम पहिल्या दिवसापासून खरं सांगत होता. मीच आठ दिवस खपून त्याला खोटं बोलायला शिकवलं, आणि वर पेढे मागवत होतो.

शंकासुरांना विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"कसं ओळखलंत?"

"ओळखलं कुठे? शंका आली. म्हणून त्यांना विचारलं. त्यांनी सांगितलं."

"मला का नाही सांगितलं?"

"ते सांगणं माझं नव्हतं," ते म्हणाले. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांच्या वाक्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह नव्हतं.

ताई आली. पट्टी तिला दिसली की नाही कोण जाणे, पण मी तिच्या खुर्चीशी उभा आहे हे कळलं. मी विचार केला होता, अशी सुरुवात करू, तशी करू. ऐनवेळी सगळं विसरलो. म्हणालो, "ताई, तुला किती दिसतं?"

ती बसली. पर्स टेबलावर ठेवली, मग मांडीवर घेतली, मग पुन्हा टेबलावर ठेवली.

"तुझे कान दिसतात," ती म्हणाली. "केस कापायला झालेत. तोंड दिसत नाही. सरळ बघितलं की जे बघायचंय तेच जातं."

"कधीपासून?"

तिने इअरफोनची वायर कॉम्प्युटरमधून उपटली. खोलीत एकदम आवाज सुटला. मला वाटलं मशीन बिघडलं. कालच्या परीक्षकांनी ऐकवला तसा नव्हेच. किरकिर किरकिर, एक शब्द दुसऱ्याच्या पाठीवर चढलेला, श्वास नाही, थांबा नाही. मला एक अक्षर कळलं नाही. ताई त्या आवाजात माझीच कालची फाइल उघडत होती, खाली जात होती, थांबत होती, दुरुस्त करत होती.

"हे तुला कळतं?"

"हळू केलं तर झोप येते."

मी खुर्ची ओढून बसलो. एवढा वेग आठवड्यात येत नाही, महिन्यातही येत नाही. कितीतरी दिवस ती माझ्या शेजारी बसून, एका कानाने माझी बडबड ऐकत, दुसऱ्या कानाने एकटीच हे शिकत होती. आणि मी बायकोला सांगत होतो की हिला गाण्याची आवड लागलीय. मला रडू आलं. लपवायचा प्रयत्न केला, मग आठवलं की तिला तोंड दिसत नाही, तर आणखीच आलं.

"आवाज येतोय," ताई म्हणाली.

"मला का नाही सांगितलंस?"

"तू सुरी काढून घेतली असतीस."

मी तोंड उघडलं होतं. खरं सांगतो वहीबाई, जिभेच्या टोकावर होतं, उद्यापासून तू दगदग करू नकोस, स्क्रीनचं मी बघतो, तू नुसतं सांगत जा. ती माझ्याकडे कान करून थांबली होती. ते वाक्य येणार हे तिला पक्कं माहीत होतं, तिच्या हनुवटीवरून कळत होतं.

मी ते गिळलं. आणि काय बोलावं ते सुचेना, म्हणून जे खरंच अडलं होतं तेच म्हणालो. "तीन तारखेला ते पुन्हा येणार. पूर्ण रूप रीडरवर कुठे कुठे अडकतं तेच मला कळत नाही. मला जमणार नाही, ताई. हे तुलाच करावं लागेल."

 तिने खुर्ची पुढे ओढली. "सोपं रूप आधी काढ," म्हणाली. "आणि ते तुझे तीन साक्षीदारही घरी पाठव. कुणी काय चालू केलंय ते आपल्याला कशाला हवं? एकच रूप ठेवायचं, आणि ते ऐकायलाही चालेल असं करायचं. त्यातूनही कुणाला काही वेगळं हवं असेल, तर सेटिंगमध्ये विचारायचं."

"आणि पट्टी?"

"पट्टी आत्ता काढ. माझ्या देखत." मग तीच हसली. "बरं, शंकासुरांच्या देखत."

बुधवार, ३ एप्रिल

मधले दिवस लिहायला सवड झाली नाही. ताईने माझ्या डोक्यावर मिरे वाटले. प्रत्येक बटण आठ आठ वेळा बदलायला लावलं. लाल पेनाची आठवण येईल असं सोलून काढलं. घरी आल्यावर आई भाजी चिरत असायची, आणि मी दुसऱ्या खोलीत जाऊन बसायचो, कारण बघवत नाही. पण बसतो.

आज परीक्षक आले. ताईने त्यांना स्वतःच्या टेबलाशी बसवलं. "तुमच्याच वेगाने लावू?" तिने विचारलं. ते म्हणाले, "आता हळू कुणासाठी करायचं?" आणि खोलीत पुन्हा ती किरकिर सुरू झाली. दोघं शेजारी शेजारी, मान दोघांचीही तिरपी. डॉक्टर निवडला, तारीख निवडली. परीक्षकांनी मुद्दाम माऊस हलवला. काही झालं नाही. किरकिर तशीच पुढे गेली. मी आणि शंकासुर भिंतीला टेकून उभे, आपल्याला न येणाऱ्या भाषेतल्या लग्नाला आल्यासारखे.

आणि अचानक दोघंही हसायला लागली. अगदी एका क्षणी. परीक्षकांनी तर डोळे पुसले.

"काय झालं?" मी विचारलं. "ताई, काय झालं? काय म्हणाला तो?"

ताईने हात पुढे केला आणि आवाज हळू केला.

"नाही कळलं."

तिने आणखी हळू केला. शंकासुर पुढे वाकले. मला एखाद-दुसरा शब्द लागला, बाकीचं निसटलं.

"अजून थोडं," मी म्हणालो.

तिने अजून हळू केला. कंटाळली नाही, 'राहू दे, तुला झेपत नाही' असं म्हणाली नाही, काय आहे ते स्वतः सांगूनही टाकलं नाही. नुसती थांबली. तेव्हा कुठे मला ऐकू आलं. वेळांच्या यादीत प्रत्येक वेळेपुढे मी हौसेने एक छोटं चित्र टाकलं होतं, आणि त्या चित्राला तितक्याच हौसेने नाव दिलं होतं. रीडर ते इमानेइतबारे वाचत होता. "हसतमुख डॉक्टर, नऊ वाजता. हसतमुख डॉक्टर, सव्वानऊ वाजता. हसतमुख डॉक्टर, साडेनऊ वाजता."

"दिवसभराच्या वेळा आहेत," परीक्षक म्हणाले. "एवढा हसतमुख डॉक्टर मी आयुष्यात पाहिला नाही. हे तेवढं काढा. बाकी माझी हरकत नाही."

काम पक्कं झालं. पेढे आणले. सगळे गेल्यावर मी चित्राचं नाव काढायला बसलो, आणि ताईला म्हणालो, थांब, काढल्यावर ऐकून बघतो. तिने वायर काढली, आवाज माझ्यापुरता हळू केला, आणि माझं होईपर्यंत शेजारी बसून राहिली.